कोल्हापुरात मुलाला शाळेत घालताय? लसीचं कार्ड आत्ताच शोधा

डिसेंबरात धाकटीच्या नर्सरीचा फॉर्म आणला. जन्मदाखला, आधार, फोटो, लाइटबिल, सगळं फायलीत तयार होतं. फॉर्मच्या तळाला एक ओळ होती, 'लसीकरण कार्डाची झेरॉक्स'. म्हटलं, ते काय, कपाटातच आहे. कपाटातून तीन वस्तू निघाल्या: निपाणीचं कन्नड अक्षरांतलं कार्ड, इथल्या आरोग्य केंद्राचं मराठी कार्ड आणि बालरोगतज्ज्ञांकडचं जिराफाचं चित्र असलेलं पुस्तक. तिन्ही मिळून पोरीचे सगळे डोस झालेले होते. एकाही कागदावर मात्र ते पूर्ण दिसत नव्हते.

थोरल्याच्या वेळी तर याहून वाईट. आम्ही शाहूपुरीत राहतो. 2019 च्या ऑगस्टमधल्या महापुरात खालच्या मजल्यावरचं कपाट तीन दिवस पाण्यात होतं. त्यातून त्याचं कार्ड बाहेर आलं तेव्हा चपातीच्या ओल्या पिठासारखं झालं होतं.

दोन्ही वेळा मी जी धावाधाव केली ती तुम्हाला करायला लागू नये, म्हणून हे क्रमाने लिहून ठेवते. नोकरीनिमित्त शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नव्याने आलेल्यांना, माहेरी बाळंतपण झालेल्यांना आणि पहिल्यांदाच मूल शाळेत घालणाऱ्यांना याचा जास्त उपयोग होईल.

1. आधी हे समजून घ्या: सक्ती कुणाची, किती

कुठली तरी लस राहिली म्हणून सरकारी शाळा मुलाला दारातून परत पाठवत नाही. शिक्षण हक्क कायद्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाचा पुरावा नाही म्हणूनसुद्धा प्रवेश नाकारता येत नाही, तिथे लसीच्या कार्डाचं काय घेऊन बसलात. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं आणि पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. सक्ती शाळेत आणण्याची होती. मूल आत येणं महत्त्वाचं, कागद मागाहून.

खासगी नर्सरी, प्ले-ग्रुप आणि पाळणाघरं यांची गोष्ट वेगळी. ती आपापले नियम करतात आणि बहुतेक जण कार्ड मागतातच. माझ्या मते मागावंच. दोन-अडीच वर्षांची वीस पोरं एकाच सतरंजीवर खेळतात, एकमेकांच्या बाटल्यांतलं पाणी पितात. तिथे गोवर शिरला तर ज्याची लस राहिलीय त्याला गाठल्याशिवाय थांबत नाही. गोवर हवेतून पसरतो आणि रोगी खोलीतून गेल्यावरही त्याचे विषाणू तास-दोन तास तिथल्या हवेत टिकतात. 'गोवर काय, अंगावर येतो आणि जातो, लिंबाचा पाला ठेवा' असं म्हणणाऱ्या आजी घरोघरी आहेत. त्यानंतर होणारा न्यूमोनिया आणि मेंदूची सूज त्यांच्या हिशेबात नसते.

म्हणून शाळेने कार्ड मागितलं तर हुज्जत घालू नका. आणि 'कार्ड पूर्ण नाही' म्हणून कुणी घाबरवलं तर घाबरूही नका. बहुतेक वेळा डोस झालेले असतात, कागद अर्धवट असतो.

2. घरातले सगळे कागद एका जागी आणा

शोधायच्या वस्तू:

- माता व बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणी नोंदणी करताना मिळालेलं हेच ते, निम्मं आईचं आणि निम्मं बाळाचं. पुष्कळ जणी बाळंतपण झाल्यावर ते आपल्या फायलीत ठेवतात आणि बाळाच्या फायलीत शोधत बसतात.
- दुसऱ्या राज्यातलं कार्ड असेल तर ते. कर्नाटकात त्याला 'तायी कार्ड' म्हणतात, तायी म्हणजे आई. रकाने आपल्यासारखेच असतात आणि लसींची नावं बहुधा इंग्रजीत, त्यामुळे कन्नड येत नाही म्हणून काही अडत नाही.
- खासगी दवाखान्याचं पुस्तक, लसीचे स्टिकर चिकटवलेलं.
- प्रसूती झालेल्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. जन्मल्यावरच्या लसी पुष्कळदा फक्त त्यावरच असतात.
- मुलाचा जन्मदाखला.
- मोबाइलमधले जुने फोटो. हसू नका, पतीच्या फोनमध्ये 2016 चा एक फोटो सापडला आणि थोरल्याच्या निम्म्या तारखा त्यातून मिळाल्या.

आता या सगळ्यांवरचं नाव बघा. जन्मल्यावरच्या कागदावर 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव असतं. कधी आईचं माहेरचं आडनाव असतं. जन्मदाखल्यावर मात्र बारशानंतरचं नाव. हे जुळत नसेल तर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून कार्डावर मुलाचं नाव लिहून सही-शिक्का घ्या. स्वतः पेनाने खोडून लिहू नका.

जन्मदाखल्यावरच नाव घातलं नसेल तर ते काम आधी उरका. जन्मनोंदणीनंतर बारा महिन्यांत नाव फुकट घालता येतं, त्यापुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे 'आधार आहे की' म्हणून चालणार नाही.

3. कुठला डोस कधीचा, ते बोटावर मोजा

आरोग्य केंद्रात लसींची नावं कुणी घेत नाही. 'दीड महिन्याची', 'नऊ महिन्याची', 'पाच वर्षाची' अशीच भाषा असते. सरकारी वेळापत्रक असं आहे:

- जन्मल्यावर: क्षयाची बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ब. कावीळ ब चा डोस चोवीस तासांच्या आत.
- दीड महिना: पेंटाचा पहिला, पोलिओचे थेंब, जुलाबावरचे रोटाचे थेंब, न्यूमोनियाची पीसीव्ही, दंडात पोलिओचं छोटं इंजेक्शन.
- अडीच महिने: पेंटाचा दुसरा, पोलिओ, रोटा.
- साडेतीन महिने: पेंटाचा तिसरा, पोलिओ, रोटा, पीसीव्हीचा दुसरा, पोलिओचं दुसरं इंजेक्शन.
- नऊ महिने पूर्ण: गोवर-रुबेलाचा पहिला, म्हणजे एमआर. पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन, अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस.
- 16 ते 24 महिने: एमआरचा दुसरा, त्रिगुणीचा पहिला बूस्टर, पोलिओचा बूस्टर. अ जीवनसत्त्व इथून पुढे दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ वेळा.
- पाच ते सहा वर्षे: त्रिगुणीचा दुसरा बूस्टर.
- दहा आणि सोळा वर्षे: टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची.

पेंटा म्हणजे एका सुईत पाच: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा एक जंतू). त्रिगुणीत त्यातले पहिले तीन. जपानी मेंदूज्वराची लस काही ठरावीक जिल्ह्यांतच देतात, त्यामुळे कार्डावरचा तो रकाना रिकामा दिसला म्हणून लगेच दचकू नका, सिस्टरना विचारा.

तसंच मोठ्या भावाचं कार्ड आणि धाकट्या बहिणीचं कार्ड शेजारी ठेवून तुलना करू नका. पोलिओचं तिसरं इंजेक्शन 2023 च्या जानेवारीपासून आलं आणि पीसीव्ही देशभर 2021 मध्ये पोहोचली. थोरल्याच्या कार्डावर ती नसणारच. मी एक रात्र याच काळजीत काढली आहे.

4. खासगी पुस्तक आणि सरकारी कार्ड जुळवणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

सरकारी कार्डावर 'एमआर' लिहिलेलं असतं, खासगी पुस्तकात 'एमएमआर'. जादा 'एम' गालगुंडाचा. एमएमआरमध्ये गोवर आणि रुबेला दोन्ही असतात, म्हणून तो डोस झाला असेल तर एमआरचा रकाना भरलेलाच समजायचा. खासगीत 'बिनतापाची' म्हणून सहा रोगांवरची एकच लस देतात. तिच्यात पेंटातले पाचही रोग आणि इंजेक्शनचा पोलिओ आला. रोटाच्या एका खासगी ब्रँडचे दोनच डोस असतात, सरकारी रोटाचे तीन. त्यामुळे तिसरा रकाना रिकामा म्हणजे डोस राहिला असं नाही.

उलट कांजिण्या, कावीळ अ, टायफॉइड, फ्लू या लसी सरकारी यादीत नाहीत. बालरोगतज्ज्ञ त्या सुचवतात, पैसे पडतात, आणि घ्यायच्या की नाही हे तुम्ही आणि तुमचे डॉक्टर ठरवा. एखाद्या नर्सरीने यांच्यासाठी अडवलं तर शांतपणे विचारा की हा नियम छापील कुठे आहे. आमच्याकडे नुसत्या विचारण्यावर विषय मिटला.

जुळवाजुळव स्वतः करून शाळेत सांगायला जाऊ नका, शाळेतला क्लार्क ऐकणार नाही आणि त्याने ऐकूही नये. तीनही कागद घेऊन आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि सगळ्या तारखा एकाच कार्डावर उतरवून सही-शिक्का घ्या. मी गेले तेव्हा सिस्टरनी तिन्ही कागद टेबलावर मांडले, चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाल्या, "ताई, पोरगी एक आणि कार्डं तीन? आता दोन घरी ठेवायची आणि एकच वापरायचं." दहा मिनिटांचं काम होतं. मी त्यासाठी तीन आठवडे शाळेच्या खेपा घातल्या होत्या.

5. कार्ड हरवलं किंवा भिजलं तर

आपल्याकडे हे नेहमीचं आहे, पंचगंगा 2019 ला आली तशी 2021 लाही आली. कार्ड गेलं म्हणून लस गेली असं होत नाही.

पहिली खेप जिथे डोस दिला तिथे. आरोग्य केंद्रात बाळांचं रजिस्टर असतं आणि त्यात आईच्या नावाने शोधतात. म्हणून सोबत आईचं आधार, बाळाचा जन्मदाखला आणि त्या वेळी दिलेला मोबाइल नंबर न्या. नंबर बदलला असेल तरी जुना आठवून सांगा. शोधणाऱ्याला अंदाजे महिना सांगितला की पानं पटापट उलटतात. 'पाच-सहा वर्षांपूर्वी कधीतरी' म्हणालात तर परत पाठवतील आणि त्यांची चूक नाही.

दुसरा आधार म्हणजे तुमच्या भागातली आशा ताई आणि अंगणवाडी सेविका. त्यांच्या वहीत पुष्कळ सापडतं. थोरल्याचे दीड वर्षापर्यंतचे डोस असेच मिळाले. ज्या दवाखान्यात जन्मल्यावरच्या लसी दिल्या होत्या तिथे मात्र 'जुनी रजिस्टरं खाली गेली' एवढंच उत्तर मिळालं. बीसीजीचा डाग डाव्या दंडावर दिसत होता, तो सिस्टरनी बघितला आणि तसं लिहिलं. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी पदर सारून आपल्या दंडावरचे देवी काढल्याचे दोन मोठे वण दाखवले. आमच्या वेळी कार्ड नव्हतं, म्हणाल्या, हेच कार्ड.

(बीसीजीचा डाग काही मुलांना उठतच नाही. लस दिल्याची नोंद असेल तर डाग नाही म्हणून परत द्यायची नसते.)

काहीच सापडलं नाही तर? आठवणीने तारखा भरू नका. माझ्या ओळखीच्या एकीने 'अंदाजे' भरल्या आणि त्यात पेंटाचा दुसरा डोस पहिल्याच्या आधी आला. आरोग्य केंद्रात खरं सांगा. नोंद नसलेला डोस झालाच नाही असं धरून वयाप्रमाणे पुन्हा देतात. एखादा डोस जास्तीचा गेला तर त्याचं काही बिघडत नाही, राहून गेला तर बिघडतं.

6. राहिलेले डोस

इथे एकच गोष्ट पक्की ठेवा: मध्ये कितीही खंड पडला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. जिथे थांबलं तिथून पुढे. दोन डोसांत निदान चार आठवडे ठेवतात.

पण काही लसींना वयाची मर्यादा आहे. सरकारी कार्यक्रमात बीसीजी एक वर्षापर्यंतच देतात आणि रोटाही तेवढीच. पोलिओचे थेंब आणि एमआर पाच वर्षांपर्यंत. त्रिगुणी सात वर्षांपर्यंत. पेंटाचा पहिला डोस वर्षाच्या आत झाला असेल तर उरलेले पेंटाचेच पूर्ण करतात, नाहीतर त्रिगुणीवर जातात.

आता माझी सगळ्यात मोठी तक्रार: पाच वर्षाची लस. बाळ लहान असताना आजी, आशा ताई, शेजारी सगळे आठवण करून देतात. दीड वर्षाचा बूस्टर झाला की कार्ड कपाटात जातं आणि पाच वर्षाचा डोस कुणाच्या डोक्यातच राहत नाही. नर्सरीच्या प्रवेशाला तो लागत नाही कारण मूल तीन वर्षांचं असतं. पहिलीला जाईपर्यंत नर्सरीची झेरॉक्स फायलीत असतेच, नवीन कुणी मागत नाही. थोरला 2020 च्या फेब्रुवारीत पाच वर्षांचा झाला, मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि डोस गेला तो गेलाच. 2021 च्या पावसाळ्यात शाळा बदलली, नव्या शाळेने कार्ड मागितलं, तेव्हा कळलं. साडेसहा वर्षांचा असताना दिला, सात व्हायच्या आत. शाळेने मागितलं नसतं तर आम्ही दोघंही विसरलेलो होतो.

आणखी एक समज: पोलिओ रविवारी बूथवर थेंब पाजले, करंगळीला शाई लागली, म्हणजे पोलिओ झाला. असं नाही. ते थेंब वेगळे आणि कार्डावरचे डोस वेगळे. दोन्ही द्यायचे.

7. कुठे जायचं, कधी जायचं

शहरात महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं आहेत. त्याशिवाय महापालिकेचीच सावित्रीबाई फुले आणि पंचगंगा ही रुग्णालयं, आणि सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय. गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि महिन्यातून ठरलेल्या दिवशी अंगणवाडीतलं सत्र. सरकारीत सगळं फुकट. लसीकरणाचे वार केंद्रागणिक वेगळे असतात, म्हणून आधी आशा ताईंना विचारून घ्या. तुमची आशा कोण हे माहीत नसेल तर जवळच्या अंगणवाडीत विचारा. रेशनकार्ड इथलं नाही, मतदान इथलं नाही म्हणून लस नाकारत नाहीत. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांच्या पोरांनाही इथेच डोस मिळतात, तुम्ही तर भाड्याने का होईना घर घेऊन राहताय.

सकाळी जा. बीसीजी आणि एमआरची कुपी कालवली की चार तासांतच वापरायची असते, उरलेली टाकून देतात. दुपारी दोनला पोहोचून 'आता पुढच्या वेळी' ऐकण्यापेक्षा दहाला पोहोचलेलं बरं.

सर्दी किंवा थोडा खोकला असला तरी लस देतात. चांगला ताप असेल तर सिस्टरना सांगा, त्या ठरवतील. आधीच्या डोसानंतर काही मोठा त्रास झाला असेल तर तो आधी सांगायचा, नंतर नाही. लस दिल्यावर अर्धा तास तिथेच बसा. बसस्टॉपवर जाऊन बसणं यात मोजत नाहीत.

निघण्याआधी सिस्टरनी चार गोष्टी सांगायच्या असतात: कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची तारीख कुठली, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणा. गर्दीत राहून गेलं तर तुम्ही विचारा. घरी सुईच्या जागी हळद, तूप, बाम काही लावू नका. बीसीजीची पुळी काही आठवड्यांनी उठते, फुटते, आपोआप भरते. तापाचं औषध किती द्यायचं ते तिथेच विचारून घ्या. रात्री शंका आली तर 104 वर सल्ला मिळतो. श्वास लागला, मूल मलूल पडलं तर सरळ 108.

8. यू-विनवर नाव चढवून घ्या

यू-विन हे केंद्र सरकारचं पोर्टल आहे. मोबाइल नंबरवर ओटीपी येतो, डोसांची नोंद दिसते आणि क्यूआर कोडवालं प्रमाणपत्र निघतं. पुराला हे भिजत नाही, एवढ्यासाठी तरी करा. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जुने डोस त्यावर आपोआप दिसतील असं धरून चालू नका, कार्ड दाखवून नोंद झाली की नाही ते विचारा. आणि नंबर घरातल्या कायमच्या माणसाचा द्या. आमच्या शेजारणीने दिराचा नंबर दिला, दीर दुबईला गेला, आणि आता ओटीपी तिकडे जातो.

9. शाळेत देताना

- कार्डाची दोन्ही बाजूंची झेरॉक्स. पुढची बाजू नाव-पत्त्याची, आतली तारखांची. एकच बाजू दिली की परत बोलावतात.
- यू-विनचं प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रिंट.
- जन्मदाखल्याची झेरॉक्स, नाव जुळतंय का ते बघून.
- एखादा डोस ठरलेला आहे पण अजून तारीख आली नसेल, तर पुढच्या तारखेवर पेनाने गोल करा.

मूळ कार्ड कुणाच्याही हातात सोडून येऊ नका. दाखवा, जुळवा म्हणा, परत घ्या. आणि हे सगळं फेब्रुवारीच्या आत करा, कारण जून उजाडला की आरोग्य केंद्रात तुमच्यासारखेच सगळे रांगेत उभे असतात आणि वर पाऊस.

पाळणाघरासाठी आणखी एक गोष्ट मी आता विचारते: सांभाळणाऱ्या बाईंना कुणाला कधी डोस झाला ते माहीत असतं का. लस घेतलेल्या दिवशी मूल किरकिरं असतं, थोडा ताप येतो. हे न सांगता सोडलं तर त्या बिचाऱ्या घाबरून फोन करतात.

10. प्रवेश झाल्यावर

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. दहा वर्षांच्या टीडीसाठी कधी शाळेतच शिबिर होतं, कधी केंद्रावर जावं लागतं. शाळेतून संमतीची चिठ्ठी आली तर ती दप्तराच्या तळातून शोधून काढा, कारण पोरं ती देत नाहीत. थोरल्याची मला डब्याच्या पिशवीत सापडली, लोणच्याचं तेल लागलेली. सही केली, डोस झाला, त्याच संध्याकाळी कार्डावर चढवून आणला. सोळा वर्षांचा 2031 च्या फेब्रुवारीत आहे. कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवलाय, आणि कार्ड आता वरच्या मजल्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत.